दोन्ही बाजूंचं वजन

निवांत बसा. पाठ कशाला तरी टेकवा. हे मनन डोळे मिटून करायचं नाही, उघड्या डोळ्यांनी करायचं आहे. त्यासाठी जागा घेऊ मोहोपाडा, खालापूर तालुक्यातलं, रसायनीला लागून असलेलं, पाताळगंगेच्या खोऱ्यातलं गाव. तुम्ही तिथे राहत असाल तर खिडकी उघडा. राहत नसाल तर एवढंच मनात आणा : भाताची खाचरं, त्यांच्या पलीकडे कारखान्यांची धुराडी, लांब कर्नाळ्याचा सुळका, आणि भर उन्हाळ्यातही वाहती राहणारी नदी. ती आटत नाही, कारण वर खोपोलीला टाटांच्या वीजघरातून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी १९१५ सालापासून तिच्यात उतरतं आहे.

समोर एक काटा आहे असं समजा. फार नाजूक, डोक्यावरच्या एका केसाचं वजनही दाखवील असा. आज एवढंच साहित्य.

काट्यावर पहिल्यांदा एक काचेची नळी ठेवू. दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली, आत हवाही शिरणार नाही अशी. ती मनातच ठेवायची, करून पाहायची नाही, कारण आतला वायू विषारी आहे. आत आहे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. हे नाव मोहोपाड्याच्या परिसराला परकं नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीने रसायनीत कारखाना उभारला. तिथे नायट्रोबेंझीन, ॲनिलीन अशी रसायनं बनत आणि इस्रोच्या रॉकेटांना लागणारं हे टेट्रॉक्साइडही बनत असे. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतलं कंपनीचं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हा एवढाच एक विभाग वाचवून इस्रोच्या हवाली करायचा निर्णय झाला.

नळी बर्फात बुडवा. आतला पदार्थ फिकट होतो, जवळजवळ बिनरंगाचा. बाहेर काढून पुसा, काट्यावर ठेवा. आकडा वाचा.

आता तीच नळी गरम पाण्यात धरा. बघता बघता आत तांबूस रंग चढतो, मग गडद तपकिरी. टेट्रॉक्साइडचा एकेक रेणू मधोमध सुटतो आणि त्याचे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. ९२ भाराचा एक होता, ४६ भाराचे दोन झाले. रंग बदलला, गुणधर्म बदलले, नाव बदललं. नळी पुन्हा पुसून काट्यावर ठेवा.

आकडा तोच.

इथे थोडं थांबा, पुढे वाचायची घाई नको. नळी परत बर्फात घाला, रंग उतरू द्या. परत गरम पाण्यात, रंग चढू द्या. हे हवं तितक्या वेळा करता येतं. डोळ्यांना दरवेळी काहीतरी नाहीसं झालेलं आणि काहीतरी नव्याने आलेलं दिसतं. काट्याला त्यातलं काहीच दिसत नाही. डोळा रूप पाहतो आणि काटा द्रव्य मोजतो, आणि आपण जन्मभर डोळ्यावर विसंबून राहिलेले असतो. म्हणून ‘वस्तुमान अक्षय्य आहे’ हे वाक्य नववीत पाठ होतं खरं, पण आत मुरत नाही. ते मुरायला असं एका नळीपाशी बसावं लागतं.

माणसाला हे कळायला फार काळ लागला, आणि तो का लागला हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या रसायनकारांकडे काटे नव्हते असं नाही. सोनाराचा काटा तर हजारो वर्षांचा. पण भांडं उघडं असे. रशियात लोमोनोसोव्ह यांनी १७५६ साली धातू बंद भांड्यात तापवून वजन बदलत नाही हे पाहिलं. पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी १७७४ साली कथलावर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यात कथील, तोंड वितळवून बंद, आणि खाली आच. कथलावर राखाडी थर धरला. भांडं थंड करून तोललं, तर वजन जराही हललेलं नाही. मग त्यांनी तोंड फोडलं. बाहेरची हवा फुस्सकन आत शिरली आणि आता वजन वाढलं.

त्या आवाजाकडे नीट लक्ष द्या. आत हवा का ओढली गेली? कारण आतल्या हवेचा काही भाग कथलाने स्वतःत घेतला होता आणि तिथे जागा झाली होती. उघड्या भांड्यात तापवलेलं कथील जड होतं ते हवेमुळे, हे त्या आवाजाने सिद्ध केलं. हवा पदार्थ बनून धातूला चिकटते, हे तोवर बहुतेक रसायनकारांनी हिशेबातच धरलं नव्हतं.

लाव्हाझिए यांचा पेशा करवसुलीचा होता. सरकारी कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांच्या संघात त्यांची भागीदारी होती आणि त्यापायीच फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, ८ मे १७९४ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला. मला नेहमी वाटतं की त्यांच्या रसायनशास्त्रात जमाखर्चाची वही आहे. १७८९च्या त्यांच्या ग्रंथात वस्तुमानाचा हा नियम मांडला आहे तो धातूंच्या प्रकरणात नाही, द्राक्षाच्या रसाची दारू होते त्या प्रकरणात. रस आंबताना बुडबुडे निघतात, ते धरून ठेवायचे, तोलायचे, वहीत लिहायचे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक वहीतली, निसर्गातली नव्हे. बंद झाकण आणि पुरी वही, त्यांचं मोठेपण मला या दोन गोष्टींत दिसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काटा कितीही नाजूक असला तरी त्याच्याही पलीकडचं काही आहे. बर्लिनमध्ये हान्स लांडोल्ट यांनी दोन पायांच्या बंद नळ्या घेतल्या, एका पायात एक द्रावण, दुसऱ्यात दुसरं. नळी कलती करून दोन्ही मिसळायची आणि तोलायची, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. वजनात काही फरक सापडला नाही. त्याच सुमारास, १९०५ साली, आइनस्टाइन यांनी दाखवलं की उष्णता बाहेर गेली तर तिच्याबरोबर वस्तुमानही जातं. पण किती? १२ ग्रॅम कोळसा जळून निघणाऱ्या उष्णतेबरोबर एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चार-साडेचारपट. चुलीच्या, कारखान्याच्या, शेताच्या हिशेबात ते कधीच दिसणार नाही. माहीत असावं म्हणून सांगितलं, आता पुढे जाऊ.

नळी बाजूला ठेवा. काटा मोठा करा, टँकर चढतो तसा वजनकाटा समजा. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीकडे वळणाऱ्या रस्त्यांवर भरलेला ट्रक एकदा आणि रिकामा ट्रक एकदा असा तोललेला तुम्ही पाहिला असेल. आता एका कारखान्याभोवती मनातच कुंपण घाला आणि त्या कुंपणालाच झाकण लावा.

आत येतं ७८ किलो बेंझीन, म्हणजे पेट्रोलसारख्या उग्र वासाचा, पाण्यासारखा दिसणारा द्रव. आत येतं ६३ किलो नायट्रिक आम्ल. गंधकाम्लाच्या सोबतीने ती दोन्ही एकमेकांना भिडतात आणि बाहेर पडतं १२३ किलो नायट्रोबेंझीन, फिकट पिवळं, कडू बदामाच्या वासाचं. ७८ आणि ६३ म्हणजे १४१. हाती आले १२३. मधले १८ किलो?

पाणी. बेंझीनमधला एक हायड्रोजन सुटला, आम्लातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुकडा सुटला, दोघे मिळून पाणी झालं. पुढे त्या १२३ किलो नायट्रोबेंझीनला ६ किलो हायड्रोजन दिला की ९३ किलो ॲनिलीन मिळतं, ज्यापासून रंग आणि औषधं बनतात. १२९ आत, ९३ हाती. उरलेले ३६ किलो? पुन्हा पाणी.

या दोन हिशेबांवर सावकाश नजर फिरवा. कारखान्याच्या बिलात १२३ येतील, ९३ येतील. १८ आणि ३६ बिलात येत नाहीत, त्यांना गिऱ्हाईक नाही. शिवाय कागदावर जितकं नेटकं लिहिलं तितकं प्रत्यक्षात कधी होत नाही. थोडं बेंझीन तसंच राहतं, थोडं भलतंच काही बनतं, आणि त्या पाण्यात आम्ल असतं, विरघळलेलं तेल असतं. पण वजन मात्र एका कणाचंही चुकत नाही. जे हाती आलं नाही ते दुसरीकडे कुठेतरी आहे.

रासायनिक अभियंते कारखाना आखताना पहिलं काम हेच करतात. मास बॅलन्सचा तक्ता मांडतात. आत जितकं आलं तितकं बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर आत साठलं पाहिजे. तिसरी वाट नाही. हा तक्ता मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कुणाच्या भलेपणावर काही अवलंबून नसतं. धुराड्याचा आकडा, नाल्याचा आकडा, पिंपांचा आकडा, गाळाचा आकडा यांची बेरीज आत आलेल्या वजनाशी जुळत नसेल, तर तेवढं वजन अशा वाटेने गेलेलं आहे जिथे कुणी काटा ठेवलेला नाही.

आता खिडकीतून येणारी हवा घ्या. मोहोपाड्यात कधी कधी संध्याकाळी वारा पडला की एक वास उतरतो. कधी आंबूस, कधी गोडसर, कधी नाकाला झोंबणारा. तो कुठल्या कारखान्याचा याच्या खोलात आज जायचं नाही. आज एवढंच पाहायचं की वास म्हणजे वजन. जो पदार्थ नाकाला कळला, त्याचे खरेखुरे रेणू नाकाच्या आतल्या त्वचेवर येऊन टेकले. ते कुठल्या तरी टाकीत होते, तिथून सुटले, तुमच्यापर्यंत आले. टाकी तेवढ्याने हलकी झाली. गंधकाच्या काही संयुगांच्या बाबतीत तर हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतं, म्हणजे आपल्या समोरच्या नाजूक काट्याहूनही नाक नाजूक. वास येईनासा झाला म्हणजे ते रेणू नष्ट झाले असं नाही. वारा आला, ते पांगले, पुढच्या गावाला गेले.

तसंच पाणी. नाला नदीला मिळतो, नदी धरमतरच्या खाडीला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचं नाव आलेलं आहे. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा असते, ती असायलाच हवी, पण तीही काही पुसून टाकत नाही. तिच्यातले जिवाणू काही घाण खाऊन तिचा कार्बन डायऑक्साइड करतात, तो वर जातो. काही घाणीचं स्वतःचं शरीर करतात, तो गाळ खाली बसतो. पाणी स्वच्छ झालं, गाळ वाढला. गाळ उचलून न्यावा लागतो, घातक असेल तर त्यासाठी तळोज्याला वेगळी बांधलेली जागा आहे. एका ठिकाणचं वजन दुसऱ्या ठिकाणी गेलं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. नीट नेऊन नीट ठेवलं तर ते फार चांगलं काम आहे. पण ‘विल्हेवाट लागली’ असं ऐकलं की मनात लगेच विचारावं, कुठे ठेवलं?

हा प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या. उत्तर नको.

आता कारखान्याकडे पाठ करा आणि खाचरांकडे वळा. चैत्र-वैशाखात इथे राब भाजतात. झाडांची तोडलेली डहाळी, वाळका पाला, गवत, शेण असं दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या, जागेवर पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवतात. धूर दिवसभर जमिनीलगत रेंगाळतो. पाऊस पडला की त्याच काळ्या जागेवर भात पेरायचा, रोपं वर आली की खाचरात लावायची.

राबासाठी डोक्यावरून आणलेला एक भारा काट्यावर ठेवा. वीस किलो धरा. जळून झाल्यावर राख गोळा करून तोला. किलो-दोन किलो. बाकीचं जळून गेलं, असं आपण सहज म्हणतो. या वेळी तसं म्हणू नका. पेटवायच्या आधीच त्या जागेवर आभाळाएवढी काच उपडी घाला, हवाही आत राहू द्या, आणि मग तोला. कोळशाचे १२ भाग हवेतले ३२ भाग ऑक्सिजन घेतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतात. म्हणजे वर गेलेलं वजन भाऱ्यापेक्षा जास्त भरेल. राख हलकी दिसते, पण धूर भाऱ्याहून जड असतो. ही गोष्ट मनात पक्की बसायला वेळ लागतो. मला स्वतःला अजूनही धुराकडे पाहून ती पुन्हा आठवावी लागते.

आता राखेत काय राहिलं ते पाहा. पोटॅश, चुना, स्फुरद, थोडी वाळू. हे सगळं झाडाने मुळांनी जमिनीतून घेतलेलं. वर काय गेलं? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे झाडाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेलं. जमिनीचं जमिनीला, हवेचं हवेला. आगीने जणू वाटण्या करून दिल्या. एकच वाटणी चुकते. नत्र मुळांतून आलेलं असतं, पण आगीत त्यातलं बरंचसं धुराबरोबर जातं. राबाचं नुकसान म्हणतात त्यातलं हे एक, आणि तेही वजनाच्याच हिशेबात समजतं.

झाड मुळात कशाचं बनतं हे पाहायला ब्रुसेल्सच्या यान फान हेल्माँट यांनी दोनशे पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती घटली अवघी दोन औंस. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापला गेला. त्यांनी ठरवलं की झाड पाण्याचंच बनलेलं आहे. हवेचं झाकण त्यांनी लावलं नव्हतं. गंमत अशी की ६२ पौंड कोळसा जाळला तर एकच पौंड राख उरते आणि ६१ पौंड वायू होऊन निसटतो, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दोन टोकं दोन हातांत होती. ती जोडायला आणखी दीडशे वर्षं आणि कितीतरी माणसं लागली.

भाताचं पान हेच उलट करतं. २६४ भाग कार्बन डायऑक्साइड आणि १०८ भाग पाणी घेऊन १८० भाग साखर करतं आणि १९२ भाग ऑक्सिजन सोडतं. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे ३७२. या साखरेचंच पुढे दाण्यात पिष्ट होतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात निवडलेलं वाण असो की घरचं जुनं, दाण्याचं वजन मुख्यतः हवेतून आलेलं असतं.

तो भात तुम्ही जेवता. तेव्हा आता काटा स्वतःकडे वळवा, त्यावर उभे राहा. एखाद्याने खटपट करून दहा किलो चरबी घटवली, तर ती गेली कुठे? घामातून, उष्णता होऊन, असं पुष्कळ जण सांगतात, डॉक्टरही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचा हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. दहा किलो चरबी २९ किलो ऑक्सिजन घेते आणि २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी होते. ३९ आणि ३९. चरबीचा बहुतेक भाग, दहातले ८.४ किलो, श्वासावाटे नाकातोंडातून बाहेर गेला. आत्ता जो श्वास तुम्ही सोडलात तो आत घेतलेल्या श्वासाहून किंचित जड होता. पुढचे पाच-सहा श्वास हे लक्षात ठेवून सोडा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. फक्त प्रत्येक सोडलेल्या श्वासाबरोबर शरीर थोडं कमी झालं आणि हवा तेवढीच वाढली, इतकं लक्षात असू द्या.

शेवटी स्वयंपाकघरात चला. गॅसच्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. मोकळ्या सिलेंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं, आणलेलं सिलेंडर देणाऱ्याकडून काट्याला लटकवून घेता येतं. महिना-दीड महिन्याने ते हलकं होतं, आपण संपलं म्हणतो आणि दुसरं लावतो. आता त्याची वही पुरी करा. १४.२ किलो गॅसने खिडकीतून आलेला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन घेतला. दोन्ही मिळून ६५. त्याचा झाला सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. म्हणजे एका सिलेंडरमागे दोन घागरींहून जास्त पाणी वाफ होऊन त्या खिडकीतून बाहेर जातं.

त्यातलं थोडं तुम्हाला हाताने तपासता येईल. थंड पाण्याने भरलेलं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवा, काही सेकंदांतच उचला आणि बाहेरची बाजू पाहा. ओलसर धुकं धरलेलं दिसेल. ते पातेल्यातून पाझरलेलं नाही. त्या पाण्याच्या नऊ भागांपैकी एकच भाग, हायड्रोजनचा, सिलेंडरातून आला, आणि उरलेले आठ भाग नुकतेच खिडकीतून आत आलेल्या हवेतले.